प्रश्नोत्तरांची तालीम

बाबांनी फ्रीजचं दार सताड उघडं टाकलं होतं. आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून ते समोर स्टुलावर बसले होते, हातात लाकडी उलथणं.

"अहो, टोचू नका. मागच्या खेपेला नळी फुटता फुटता राहिली," आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली.

"टोचत नाहीये. समजूत काढतोय."

"बर्फाची?"

"तुझी काढून थकलो, म्हटलं इथे जमतंय का बघावं."

तो रविवार होता. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जात असे. दूध, लोणी, अर्धं कापलेलं लिंबू, औषधाच्या बाटल्या असं सगळं फ्रीजमधलं सामान जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवलेलं होतं, त्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. आईला ते आवडलं नाही. बाबांना आवडलं. घरात काहीतरी उलटंपालटं झालं की त्यांना बरं वाटायचं. नेपथ्य बदलल्यासारखं, ते म्हणायचे.

बाबांनी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली आणि संध्याकाळी हौशी मंडळींची नाटकं बसवली. त्यांच्या नाटकांना बक्षिसं फारशी मिळाली नाहीत, पण त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस स्टेजवर कधी खोटा वाटला नाही, हे त्यांचे विरोधकसुद्धा कबूल करत. निवृत्तीनंतर ग्रुप फुटला, हॉलचं भाडं परवडेना, आणि बाबा दोन वर्षं नुसते खिडकीत बसून होते. मग कुणाच्या तरी ओळखीतून नदीपलीकडच्या एका शिवणकारखान्यात त्यांना काम मिळालं. तिथे दूरदूरहून आलेल्या बायका होत्या. परक्या माणसासमोर त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही, त्यांना बोलायला शिकवायचं, एवढंच बाबांनी आम्हाला सांगितलं होतं. ते परत दाढी वेळेवर करू लागले, शर्टाला इस्त्री मागू लागले. आम्ही त्या कारखान्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

"काय म्हणतंय बिगारखातं?" बाबांनी विचारलं.

माझ्या खात्याला त्यांनी दिलेलं हे नाव. मी काम करते ती कंपनी चादरी, टॉवेल, पडदे विकते. हे सगळं ज्यांच्या हातून तयार होतं त्यांना कुणी डांबून ठेवलंय का, जबरदस्तीनं राबवलं जातंय का, ते पाहणं हे आमच्या खात्याचं काम. जुन्या भाषेत वेठबिगारी. खात्याचं खरं नाव इतकं लांब आहे की कार्डावर दोन ओळी लागतात. कामगारांना मालकाच्या गैरहजेरीत एकेकटं भेटून प्रश्न विचारले जातात, त्यांच्या परवानगीनं आवाज टेपवर घेतला जातो. मी ते ऐकते आणि माझं मत लिहिते.

"या आठवड्यात नुसते पोपट ऐकले," मी म्हणाले. "एका कारखान्यातली प्रत्येक बाई म्हणतेय, 'येथील वातावरण अत्यंत आनंददायी आहे.' अत्यंत आनंददायी! कोण बोलतं असं?"

बाबा खो खो हसले. "लेखक वाईट आणि दिग्दर्शक त्याहून वाईट."

"तुम्ही असता तर?"

"मी असतो तर," बर्फाचा सुटलेला तुकडा त्यांनी अलगद बशीत ठेवला, "तर बाईसाहेब, तुमची नोकरी गेली असती."

आम्ही तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता बाबा मोरीच्या उंबऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर येऊन गेले, शेजारी जमले, आणि मी पोचले तेव्हा आई त्यांच्या उजव्या गालावरची राहिलेली दाढी करत होती. "अर्धवट आवडायचं नाही त्यांना," ती म्हणाली.

पुढचे दिवस माणसांनी भरून गेले. जुने विद्यार्थी आले. पोटं सुटलेले जुने नट आले आणि आमच्या बैठकीत आपापले जुने प्रवेश म्हणून दाखवू लागले, इतके की आईला शेवटी हसू फुटलं. कारखान्यातून व्यवस्थापक आला. त्यानं हार आणला होता आणि सोबत नव्याकोऱ्या टॉवेलांचा गठ्ठा. "सरांमुळे आमच्या पोरी बोलत्या झाल्या," तो म्हणाला. "सगळ्यांना यायचं होतं, पण काम एवढं आहे ना सध्या." आईनं डोळे पुसले. टॉवेल तिनं मोरीत लावून टाकले. वापरायला घेतलं नाही तर देणाऱ्याचा अपमान, असं तिला वाटतं.

माझ्या ऑफिसनं मला सुट्टी दिली. अर्जसुद्धा माझ्या मॅडमनीच भरला. परत कामावर गेले त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर हेडफोन ठेवले.

"हे ऐक. सोपं आहे, मन रमेल," त्या म्हणाल्या. "आपला टॉवेलवाला कडा शिवायला जिथे पाठवतो ना, त्या कारखान्याचं आहे. पहिल्यांदाच गेलो होतो आपण. इतक्या मोकळ्या बायका मी अजून कुठे ऐकल्या नाहीत."

मी ऐकायला लागले. खरंच मोकळ्या होत्या. प्रश्न संपला की लगेच उत्तर येत नव्हतं. आधी कापडाची सळसळ, खुर्ची सरकवल्याचा आवाज, एखादी खोकायची, मग बोलणं. एक म्हणाली, "खोलीत आम्ही सहा जणी. अगं बाई, सहा कुठल्या, ती लंबू गेली ना." दुसरी म्हणाली, "कुलूप? असतं की कुलूप," आणि तिथे थांबली, इतकी थांबली की माझा श्वास अडकला, "माझ्या पेटीला! पोरी पावडर चोरतात हो." आणि मनापासून हसली.

मग एक आवाज आला, जरा घोगरा, तरुण.

"सुट्टी मागितली तर मिळते का?"

"मिळते ना. माझे वडील गेले." शांतता. कापडाची घडी घातल्याचा आवाज. "मंगळवारी निघाले मी. नाही नाही, बुधवारी. मंगळवारी तर फोन आला. बुधवारी निघाले. सगळं होईपर्यंत राहिले घरी. आले तेव्हा मालकांनी विचारलंसुद्धा, आई कशी आहे म्हणून."

मी टेप मागे नेली. पुन्हा ऐकलं. मग सहा जणींवाली ऐकली. मग पेटीवाली. मग पुन्हा मंगळवार.

मी शाळेच्या नाटकात पोस्टमन झाले होते तेव्हा बाबांनी घरी माझी तालीम घेतली होती. सगळं घडाघडा म्हणून दाखवल्यावर ते म्हणाले होते, "पाठ झालं ना? छान. आता एके ठिकाणी चुकायचं आणि स्वतःच दुरुस्त करायचं. बिनमहत्त्वाच्या ठिकाणी हं. माणूस चुकला की समोरच्याला तो आपल्यातला वाटतो." आणि म्हणाले होते, "बोलायच्या आधी हाताला काहीतरी काम दे."

आता लिहिताना कानकोंडं व्हायला होतं, पण मला पहिल्यांदा आनंद झाला. बाबा ऐकू येत होते. त्या अनोळखी बायकांच्या श्वासात, खोकण्यात, न बोललेल्या जागांत माझे बाबा बसलेले होते, आणि काम इतकं देखणं झालं होतं की मी दुसऱ्यांदा ऐकताना मनातल्या मनात दाद दिली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मला कळलं की मी कशाला दाद देतेय. ज्या उत्तरांची तालीम घ्यावी लागते, ती उत्तरं खरी असती तर तालीम कशाला लागली असती? मी हेडफोन काढून ठेवले. माझे कान गरम झाले होते. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं तरी मी मान खाली घातली.

संध्याकाळी आईकडे गेले.

"बाबा जायचे तो कारखाना टॉवेलांचा का गं?"

"मग काय. ते आणून दिलेत ना त्यांनी. का?"

"तिथे नक्की काय शिकवायचे?"

"प्रवेश बसवतोय म्हणायचे. मला वाटलं, त्यांचं गॅदरिंग असेल." आई भाजी निवडत होती. दोन-तीन देठं खुडून झाल्यावर म्हणाली, "एकदा म्हणाले, या वेळी नाटक वाईट निवडलंय मी. मग सोडा म्हटलं. तर म्हणाले, नट फार चांगले मिळालेत गं."

मी तिला सांगितलं. सगळं नाही, टेपवर काय आहे आणि मला काय वाटतंय एवढंच. ती ऐकत राहिली.

"त्यांना ठाऊक नसेल," ती म्हणाली. "घाबरतात बिचाऱ्या, धीर देऊ, असं वाटलं असेल. त्यांचा स्वभाव तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग झालं तर. आणि आता ते आहेत का उत्तर द्यायला? त्यांच्या मागे त्यांच्यावर चिखल कशाला? तोही तू?"

त्यांना ठाऊक नसेल. हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि काही दिवस त्याच्या आधारानं जगले. पण टेपवरचं माझं मत लिहायचं राहिलं होतं, आणि माझ्या सहीनं तो कारखाना आमच्या यादीत पक्का होणार होता. एकदा पक्का झाला की वर्षभर तिकडे कुणी फिरकणार नाही. मी मॅडमना म्हटलं, परत जाऊ या, न सांगता.

"कशासाठी? काही सापडलं?"

"फारच चांगलं आहे."

"तू पण ना!" त्या हसल्या. "चांगलं सापडलं तरी तुला झोप नाही." पण आल्या.

कारखाना तीन मजली होता. खाली यंत्रं, मधे तपासणी आणि पॅकिंग, वर बायकांच्या खोल्या. खालच्या मजल्यावर रांगेनं शिलाई मशिनं आणि प्रत्येकीच्या भुवयांवर, पापण्यांवर पांढरा तंतू बसलेला, त्यामुळे सगळ्या एकाच वयाच्या दिसत होत्या. शिवून झालेला टॉवेल पुढे जायच्या आधी एका पट्ट्यावरून सरकतो. आत तुटलेली सुई राहिली असेल तर यंत्र किंचाळतं. आमच्या गिऱ्हाइकाच्या अंगाला सुई टोचू नये याची व्यवस्था चोख होती. वरच्या मजल्याच्या जिन्याला लोखंडी दार होतं. ते आम्ही गेलो तेव्हा उघडं होतं आणि त्याला टेकवून आगीची बादली ठेवली होती, घाईघाईनं, कारण बादलीतली वाळू सांडलेली होती.

व्यवस्थापकानं मला ओळखलं. धावत जाऊन मालकांना घेऊन आला.

"सरांची मुलगी!" मालकांनी हात जोडले. पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस. "अहो, मग तपासणी कसली? घरचंच माणूस आलं म्हणायचं."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. "तुझे वडील इथे होते?"

"भाषा शिकवायचे," मी म्हणाले. माझा आवाज अगदी सहज लागला. तीही त्यांचीच शिकवण.

भेटी आम्ही वाटून घेतल्या. मॅडम ऑफिसशेजारच्या खोलीत बसल्या, मला गोदाम मिळालं. टॉवेलांच्या गठ्ठ्यांमध्ये दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. आत आलेली तिसरी मुलगी घोगऱ्या आवाजाची होती. ती येताना दारातून कुणीतरी हळूच म्हणालं, "जा गं हिरॉईन." तिनं मागे न बघता कोपर मारला.

मी यादीतले प्रश्न विचारले. तिनं गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढून घेतला आणि त्याची घडी घालत उत्तरं दिली. मग सुट्टीचा प्रश्न आला.

"मिळते ना. माझे वडील गेले." घडी. "मंगळवारी निघाले मी."

"नाही नाही," मी म्हणाले. "बुधवारी. मंगळवारी तर फोन आला."

तिचे हात थांबले.

"टेप बंद आहे," मी म्हणाले. "सर माझे वडील होते."

"होते?" ती म्हणाली.

आमच्या घरी हार घेऊन आलेल्या माणसानं इथे कुणाला काही सांगितलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"सर गावाला गेलेत म्हणाले आम्हाला. पुढच्या पाहुण्यांच्या आधी येतील म्हणाले." तिनं टॉवेल तोंडाला लावला. ती आवाज न करता रडली. त्या इमारतीत तशी सवय लागत असावी. मीही रडले असते, पण मला विचारायचं होतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

"ताई, सर लई चांगले होते हो," तिनं डोळे पुसले. "आम्हाला विचारणारे ते एकटेच."

"काय विचारायचे?"

"खरं काय ते. एकेकीला समोर बसवायचे, म्हणायचे, आधी मला खरं सांग, सगळं. घाई नाही. खऱ्यावर पाय ठेवल्याशिवाय दुसरं काही उभं राहत नाही. मग आम्ही सांगायचो. ओळखपत्रं वरच्या कपाटात आहेत, मागितली तर मिळत नाहीत. जिन्याचं दार रात्री बंद, रविवारी पण बंद. घरी जाते म्हटलं की म्हणतात, आधी ऑर्डर जाऊ दे. ऑर्डर कधी संपते का? सगळं ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, आता याच्या उलट कसं बोलायचं ते बघू."

मी प्रश्नांची यादी उलटी करून मांडीवर ठेवली.

"माझे वडील गेले ना, ते खरंच गेले. मला सोडलं नाही. फाटकावरचा म्हणाला चिठ्ठी आण, मालक म्हणाले महिनाअखेर जा, आणि महिनाअखेरीला आता जाऊन काय करणार म्हणाले. ते मी सरांना सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, हेच वापरू."

"हेच वापरू?"

"हो. म्हणाले, डोळे मीट आणि जा घरी. गाडी पकड. पोच. वडिलांच्या पायाशी बस. काय काय दिसतं ते बघ आणि मग मला सांग. मी गेले हो, ताई. मला सगळं दिसलं. त्यानंतर प्रत्येक तालमीला जाऊन यायचे मी." तिनं घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला. "पोरी चिडवतात, हिरॉईन म्हणून. सर म्हणायचे, तुझ्यासारखी नटी मला उभ्या आयुष्यात मिळाली नाही."

माझे वडील असे का होते, त्याचा विचार मी त्या खुर्चीत बसून करू शकत नव्हते. त्यांनी तिला तिच्या वडिलांपाशी नेलं होतं, जिथे तिला नेणारं जगात दुसरं कुणी नव्हतं; आणि मग ते सगळं टेपवर खोटं बोलण्यासाठी तिच्या हातात दिलं होतं. हे दोन्ही एकाच माणसानं, एकाच बैठकीत केलं होतं.

"तुला काय हवंय?" मी विचारलं.

"आईकडे जायचंय. एकटी आहे ती." मग माझा हात धरून म्हणाली, "पण मी बोलले असं म्हणू नका. माझी धाकटी बहीण आहे इथे, तपासणीवर. मी तोंड उघडलं तर तिला सोडणार नाहीत. कुणाचंच नाव घेऊ नका ताई. शपथ घ्या."

मी शपथ घेतली.

मालकांच्या खोलीत एक मोठं टेबल, भिंतीवर आमच्या कंपनीचं नियमांचं पत्रक काचेत मढवलेलं. मॅडमनी आपले कागद जुळवले. "माझ्याकडे सगळं ठीक आहे," त्या मला म्हणाल्या. "तुझं?"

"वर एक कपाट आहे," मी म्हणाले. "सगळ्या बायकांची ओळखपत्रं त्यात आहेत आणि मागितली तर मिळत नाहीत. जिन्याचं दार एरवी बंद असतं. बाहेर कुणाला जाता येत नाही."

मालक रागावले नाहीत. ते पुढे झुकले. "कोण म्हणालं हे?"

"मी म्हणतेय."

"तसं नाही हो. कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल ना तुम्हाला. मुली आहेत, एखादी रुसते, घरची आठवण येते, बोलून जाते. आत्ता बोलावतो, समोरासमोर होऊन जाऊ दे." त्यांचा हात टेबलावरच्या घंटीकडे गेला. "मघाशी गोदामात कोण कोण होतं?"

"कुणीही काही सांगितलं नाही," मी म्हणाले. "सगळ्यांनी पाठ केलेलंच म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"पाठ?" मॅडमनी मान वर केली. "तू ऐकलंस ना. पाठ केलेलं असं असतं?"

"असं बसवता येतं. प्रत्येक जण एकदा चुकतो आणि दुरुस्त करतो. बोलायच्या आधी हात कशात तरी गुंतवतो. मागच्या टेपा काढून ऐका, आता तुम्हालाही ऐकू येईल. माझ्या वडिलांची पद्धत आहे ती. मला लहानपणी शिकवली होती."

खालून यंत्रांची घरघर येत होती.

"बघा, ताई," मालक अगदी हळुवारपणे म्हणाले, "सर मला वडील भावासारखे होते. मी त्यांना सांगितलं, बायका बुजऱ्या आहेत, पाहुणे आले की थरथरतात, आणि काम जातं. त्यांनी धीटपणा शिकवला. यात वाईट काय? तालीम घेतली म्हणजे बोललेलं खोटं होतं का? खोटं असतं तर सरांसारखा माणूस एक दिवस तरी इथे थांबला असता? तुम्हीच सांगा. तुमच्याहून जास्त कोण ओळखणार त्यांना?"

आईचंच वाक्य होतं ते, जरा वेगळ्या कपड्यात. तेव्हा मला स्पष्ट दिसलं की त्या माणसाची सुटका आणि माझ्या वडिलांची सुटका एकाच दारातून होती. बाबांना काही ठाऊक नव्हतं असं मी म्हणाले की ठाऊक होण्यासारखं काही नव्हतंच, असं ठरणार. मॅडम कागद मिटतील, आम्ही गाडीत बसू, बादली बाजूला होईल आणि दार लागेल. बाबा आमच्या बैठकीतल्या फोटोत जसे आहेत तसेच राहतील. आणि नाव तर मी कुणा मुलीचं घेऊ शकत नव्हते. माझ्याकडे घेण्यासारखं एकच नाव होतं.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "तुझ्या वडिलांबद्दल आहे हे," त्या हलकेच म्हणाल्या. "घाई नाही. उद्या बोललीस तरी चालेल."

"आत्ताच लिहा," मी म्हणाले. "माझे वडील एखाद्याला वाक्य देण्याआधी त्याच्याकडून खरं काढून घ्यायचे. सगळ्यांकडून. पोस्टमनच्या कामासाठी मला रडवलं होतं त्यांनी. त्याशिवाय त्यांना बसवताच येत नसे. म्हणजे इथल्या प्रत्येक बाईचं त्यांनी ऐकलेलं होतं. कपाट, दार, सगळं. सगळं माहीत असताना त्यांनी हे बसवलं."

"अहो, गेलेल्या माणसाबद्दल..." मालक म्हणाले.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" मॅडमनी विचारलं. त्यांनी पेन उघडलं होतं. "ती आधी आणवा. आणि आम्ही आता वर जाणार आहोत. दार उघडंच राहू दे, आज आम्ही इथून हलणार नाही."

मालकांनी घंटी वाजवली नाही. ते स्वतःच उठले. व्यवस्थापकाला दारात काहीतरी सांगितलं, आणि मग वळून माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, खरोखरच न समजल्यासारखं.

"सर तुमच्याबद्दल किती अभिमानानं बोलायचे," ते म्हणाले. "त्यांना काय वाटलं असतं हो, हे ऐकून?"

मी आईसमोर हे बोलले नव्हते. हेडफोन काढून ठेवले त्या दिवसापासून घरी, गाडीत, अंथरुणात एकटी असतानाही ओठांवर आलेलं गिळलं होतं.

"त्यांना काय वाटलं असतं ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "मला माझ्या वडिलांची लाज वाटते."